तार मिटवायची राहिली

१

हे मी सांगायचं नव्हतं. आत्याने मला चुलीपुढे बसवून तसं कबूल करून घेतलं होतं. "शाळेत तर बिलकुल बोलू नको," ती म्हणाली होती, "लोक म्हणतील, ह्यांनी देव सोडले न् भुतं ठिवली." मी मान हलवली. मी एरवीही फार बोलत नाही, म्हणून तिला माझा भरवसा वाटला असेल. पण लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे, असं मी माझ्यापुरतं ठरवलं आहे. या हकिकतीत एक भाची येते, ती मीच. तरी तिला मी भाचीच म्हणणार, कारण गोष्ट तिची नाही. गोष्ट कौसल्या आत्याची आहे.

आत्या हसनाबादला एकटी राहायची. दोन खोल्यांचं मातीचं घर, वर पत्रे. त्यातली एकूण एक वीट तिने आणि कडूबामामाने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, ओढ्याकाठी पाडलेली आणि डोक्यावरून वाहून आणलेली. सकाळी उठायचं, सडा टाकायचा, पितळी तांब्या भरून चुलीजवळच्या फळीवर ठेवायचा, भाकरी बांधून रानात जायचं, उन्हं कलायच्या आत परतायचं. आतल्या खोलीत मागच्या भिंतीला खुंटी होती. खुंटीला सुती पिशवी, पिशवीत कडूबाचं तुणतुणं. तीन वर्षांत आत्याने त्या पिशवीला हात लावला नव्हता. सारवतानासुद्धा त्या भिंतीखालची हातभर जागा ती घाईने उरकायची.

कडूबा गाण्याच्या जथ्यात तुणतुणं धरायचा. पुढे बसलेले एकतारीवाले गात, हा मागे भिंतीला उभा राहून ती एकच तार छेडत राही. गाणी संपली की बाकीचे आपापल्या तारा थांबवत आणि सगळ्यांत शेवटी कडूबा आपल्या तारेवर तळवा ठेवी. त्याला ते तार मिटवणं म्हणत. तार मिटेपर्यंत बैठकीतून कुणी उठायचं नाही, मग बाहेर वादळ का येईना. "बसायला कुणी बी सांगल," कडूबा म्हणायचा, "उठायला मी सांगतो."

त्र्याहत्तर सालच्या भीमजयंतीला, याच घरात बैठक भरलेली असताना, वाजवता वाजवता तो भिंतीला घासत खाली बसला आणि पुन्हा उठला नाही. दुष्काळात खडी फोडून त्याची छाती खचली होती, असं डॉक्टर म्हणाले. त्या दिवसापासून जथाही मोडला. एकतारीचे भोपळे कुणी माळ्यावर टाकले, कुणाच्या भोपळ्यात कोंबडीने अंडी घातली.

तीन वर्षांनी, शहात्तरच्या वैशाखात, गावच्या शाळेतले भुजंग गुरुजी आत्याच्या दारात आले.

"कौसल्याबाई, बुद्धजयंतीला तारवाले गोळा करून राह्यलो. त्या रेडिओनं सगळ्यांची तोंडं बंद केली. जुन्या चाली दोन-चार म्हाताऱ्यांजवळ उरल्या, त्या गेल्या की संपलं. मेळावा घेऊ. पण कडूबाचं तुणतुणं पायजे. त्याच्यावरच बाकीच्या तारा लागत होत्या."

"न्या की गुरुजी. मला काय करायचं त्याचं."

गुरुजींनी पिशवी काढली, तोंड उघडलं आणि तीनदा शिंकले. लाकडी डब्यावर बोटभर धूळ होती. खालच्या कातड्याला कोळ्याचं जाळं होतं. धोतराच्या सोग्याने ते पुसू लागले आणि मध्येच थांबले.

तार लख्ख होती. रोज राखेने घासलेल्या ताटासारखी. गंज नाही, धूळ नाही. गुरुजींनी नखाने छेडली तर ताणही बरोबर. सैल पडलेली नव्हती.

"रोज वाजवता का बाई?"

"तीन वर्सात हात बी न्हाई लावला."

"मंग उंदरं शिकली म्हणायची," गुरुजी हसले. पण त्यांनी तुणतुणं पिशवीत घालून पुन्हा खुंटीला अडकवलं. "ऱ्हाऊ द्या आज. सरावाला तुम्हीच घेऊन या. त्याचा ठेका तुम्हालाच ठाऊक हाय." आणि चहा न घेताच ते गेले. गुरुजी चहा सोडणारे नव्हते.

२

आत्या विचार करणारी बाई आहे. तिने आधी शेजारची पोरं धरली. पण पोरं शिरणार कुठून, दाराला कुलूप असतं. मग उंदीर. पण उंदराने तार कशी पुसावी? मग तिने तो विचार चुलीत टाकला आणि कामाला लागली.

आठवड्याने मागच्या गल्लीतली पिठाची गिरणी बंद पडली. इंजनाचं डिझेल संपलं होतं. बायांनी जाती मांडली. दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या धसकटं वेचून घरी आली, पाणी प्यायला तांब्याकडे वळली आणि तिचा हात तसाच राहिला.

पाण्यावर वलयं उठत होती. बारीक, एकात एक.

ती वलयं तिला नवी नव्हती. तीन वर्षं आत्या ती बघत आली होती. गिरणी सुरू झाली की सगळ्या आळीतली भांडी थरथरतात, तसंच हे, असं ती समजत आली होती. पण आज गिरणी बंद होती. आज सकाळपासून बंद होती. काल पण बंद होती.

कुणी विहिरीला सुरुंग लावत असेल, तिने स्वतःला सांगितलं. बाहेर जाऊन विचारलंही. सुरुंग कुठेच नव्हता. मग तिने तांब्या उचलून पुढच्या खोलीत, उंबऱ्याजवळ नेऊन ठेवला. वलयं जवळजवळ थांबली. तिथून पुन्हा आत नेला, खुंटीखाली ठेवला. पाणी काठाला लागून बाहेर सांडलं.

आणि मग तिला ऐकू आलं. कानाने नव्हे, आधी दातांना कळलं. तार छेडल्याचा आवाज नव्हता तो. छेडून झाल्यावर मागे जी गुणगुण उरते ना, ती होती. फक्त ती विरत नव्हती.

"कोण हाय?" आत्या बोलून गेली आणि लगेच तिला स्वतःचीच शरम वाटली. भूत-पिशाच्च तिने आणि कडूबाने छप्पन साली दीक्षा घेताना सगळ्या आळीसोबत, हात जोडून, मोठ्याने सोडलं होतं. तेव्हा ती वीस वर्षांची होती. सोडलेल्या गोष्टीला आता चाळिशीत हाक मारायची?

पिशवीला मात्र तिने हात लावला नाही. ऊन असूनही ती ओट्यावर जाऊन बसली आणि शेजारीण जातं ओढायला हाक मारीपर्यंत बसून राहिली.

३

मे महिन्याच्या सुटीत भाची आली, तिला सोडायला तिचे वडील आले. साहेबराव आत्याचे धाकटे भाऊ, जालन्याला मस्तगडात कापडाच्या दुकानात कामाला. त्यांनी बहिणीचा चेहरा पाहिला, डोळ्यांखालची काळी वर्तुळं पाहिली आणि चप्पल काढायच्या आत म्हणाले, "अक्का, बास झालं आता. ह्या घराला कुलूप लाव न् चल माझ्याकडं."

"मला काय झालंय?"

"काय झालंय? आरशात बघ. एकटी बडबडती म्हणून बाया सांगून राह्यल्या. आज बडबड, उद्या आणखी काय. मेळावा होऊ दे. दुसऱ्या दिवशी येतो न्यायला."

आत्या एरवी भांडली असती. या खेपेला तिने नुसतं भिंतीकडे पाहिलं. एवढंच म्हणाली, "बघू." साहेबरावांना ते 'हो' वाटलं. आत्यालाही तसंच वाटलं.

भाची न बोलणारी. दोन दिवस ती घरात नुसती बघत राहिली. तिसऱ्या दिवशी भाकरी खाताना तिने हळूच विचारलं, "आत्या, हे पाणी थांबत का नाही?"

आत्याचा घास हातातच राहिला. "तुला बी दिसतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"ऐकू येतं?"

भाचीने होकाराची मान हलवली.

आत्या हसायला लागली. तोंडाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. "मंग मी येडी झाले न्हाई ग बाई," ती म्हणाली, "मी येडी न्हाई झाले!" त्या दिवशी तिने दीड भाकरी खाल्ली. काहीच सुटलं नव्हतं, उलट आता ते खरं होतं. तरी तिला हलकं वाटलं.

४

सराव समाजमंदिरात होता, आत्याच्या घरापासून पन्नास पावलांवर. सकाळी दहाची वेळ, दारातून ऊन आत आलेलं. सात जण जमले. त्यांत केशरबाई सगळ्यांत थोरल्या, सत्तरीच्या, एकही दात नसलेल्या, एकतारी मात्र अशी धरायच्या की जणू नातवंड. किंगरी वाजवणारे रामकिसन चार कोसांवरून पायी आले होते. चार एकतारीवाले आणि स्वतः गुरुजी, नवीकोरी एकतारी घेऊन.

"गुरुजी, ती एकतारी हाय, छडी न्हाई," केशरबाई म्हणाल्या. "पोराला मारून राह्यले का वाजवून राह्यले?"

"शिकतोय, मावशी."

"शिका. माझ्या मयतीपर्यंत येईल बराबर."

आत्या आली तेव्हा हसणं थांबलं. बाईमाणसाने जथ्यात तुणतुणं धरल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. एक एकतारीवाला काहीतरी पुटपुटला. केशरबाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, त्याने भोपळा पुसायला घेतला. आत्याने पिशवी सोडली, तुणतुणं काखेत घेतलं आणि छेडलं. कडूबा घरी गुणगुणायचा तेव्हा तिनेच त्याला साथ दिलेली होती. ठेका हाताला आठवत होता. बाकीच्यांनी तिच्या तारेवर आपापल्या तारा लावल्या आणि पहिलं गाणं झालं. तीन वर्षं बंद पडलेलं यंत्र अडखळत सुरू व्हावं तसं. पण झालं.

गाणं संपलं. सगळ्यांनी तारा थांबवल्या. आत्याने तळवा ठेवला.

गुणगुण चालूच राहिली.

"कोणाची चालू हाय?" केशरबाई म्हणाल्या. "हात ठिवा की तारंवर."

सगळ्यांनी एकमेकांच्या हातांकडे पाहिलं. सगळे हात तारांवर होते. गुरुजींनी तर एकतारी पोटाशी आवळून धरली होती.

"गिरणी," गुरुजी म्हणाले.

"बंद हाय ती," आत्या म्हणाली. तिचा आवाज तिला फार लांबून आला. आपल्या हातातली तार गार आणि मुकी आहे, हे तिला तळव्याखाली कळत होतं. इतके दिवस तिला वाटत होतं, आवाज तुणतुण्यात आहे. तो तुणतुण्यात नव्हता. तुणतुणं इथं होतं आणि आवाज उघड्या दारातून आत येत होता. आळीच्या टोकाकडून. तिच्या घराकडून.

दारातल्या उन्हात एक कोंबडी माती उकरत होती.

केशरबाईंनी एकतारी खाली ठेवली. मग त्यांनी विचारलं, "कौसल्या, कडूबा पडला त्या दिशी तार कोणी मिटवली?"

आत्याला आठवेना. आरडाओरडा आठवत होता. पाणी आणा, गाडी जुंपा. कुणाच्या तरी पायाने एकतारी लवंडली होती. तुणतुणं कुणी उचललं, कधी पिशवीत घातलं, काही आठवत नव्हतं.

"मी उठलो," रामकिसन म्हणाले. "मी पयला उठलो. बैल आणायला पळालो." त्यांनी मान खाली घातली. "त्यानं सांगितलं नव्हतं."

"सगळेच उठलो," केशरबाई म्हणाल्या. "न सांगता. आन् खरं सांगू? तवापासून मला उठल्यासारखं वाटतच न्हाई. रानात असते, चुलीपुढं असते, पण मनात आपली मांडी घालून तिथंच बसलेली."

"मावशी, आपण असल्या गोष्टी मानत नाही," गुरुजी चाचरत म्हणाले.

"मी भुताचं नाव घेतलं का? मी बैठकीचं बोलून राह्यले. अर्धी राहिली ती पुरी करावं लागतं. तुमच्या शाळेत घंटा न होता पोरं घरी जातात का?"

गुरुजींनी एकतारी भिंतीला टेकवली.

५

बुद्धजयंतीच्या दुपारी सगळे आत्याच्या घरी आले. तीन वर्षांपूर्वी जो जिथे बसला होता तो तिथे बसला. त्या दिवशी गुरुजी नव्हते, म्हणून ते पुढच्या खोलीत थांबले. चपला बाहेर निघाल्या. भाचीला उंबऱ्यात, चपलांपाशी बसवलं. तिथून तिला आतली खोली अर्धी दिसत होती: बसलेल्यांच्या पाठी, फळीवरचा तांब्या आणि मागची भिंत.

आत्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली. खुंटीखालची कडूबाची जागा सोडून, हातभर बाजूला. तिथेच उभं राहावं असं तिच्या मनाने घेईना. गुणगुण आता सगळ्यांना ऐकू येत होती. पत्र्यांना ती जाणवत होती, जमिनीला जाणवत होती.

"कुठं मोडलं होतं?" कुणीतरी विचारलं.

"तिसऱ्या कडव्याला," रामकिसन म्हणाले. "पाण्याच्या गाण्याच्या."

ते कडूबाने स्वतः रचलेलं गाणं होतं. केशरबाईंनी सूर धरला, 'ओंजळीत माझ्या सारं तळं मावलं', आणि आत्याने तार छेडली.

तिच्या छेडण्याच्या किंचित आधी, तोच ठोका तिच्या डाव्या बाजूने आला.

ती थांबली नाही. थांबली असती तर पळाली असती, आणि पळाली असती तर पुन्हा या घरात आली नसती, हे तिला कळत होतं. तिने डावीकडे पाहिलं नाही. ठोका येत राहिला, ती त्यात आपला ठोका मिसळत राहिली. पुढे बसलेल्या सहा पाठी ताठ झाल्या होत्या, पण एकही मान वळली नाही. चौथं कडवं झालं. पाचवं झालं. धृपद दोनदा म्हणून गाणं संपलं. किंगरी थांबली. एकताऱ्या एक-एक करून थांबल्या. केशरबाईंनी सगळ्यांत शेवटी बोट ठेवलं.

आता फक्त तीच तार उरली.

आत्याने हात वर उचलला आणि तो तिथेच राहिला. तिला एकदम वाटलं, ही मिटली की घरात काही उरणार नाही. भीती वाटत होती तरी तीन वर्षं कुणीतरी होतंच की घरात. साऱ्या जगात कडूबाचं तेवढंच राहिलं होतं.

"कौसल्या," केशरबाई मागे न बघता, अगदी हळू म्हणाल्या, "पाय भरून आले ग सगळ्यांचे. त्याचे बी आले असतील. लय येळ उभा हाय तो."

आत्याने तळवा खाली आणला.

तो तारेवर टेकला नाही. मध्ये काहीतरी होतं. ऊबदार, खडबडीत, एका हाताची पालथी बाजू. करंगळीजवळचं हाड वर आलेलं, खडी फोडताना हातोडा लागून बसलेलं. ते हाड तिने शंभर वेळा तेल लावून चोळलं होतं. ती ओरडली नाही. तिने वरून अलगद दाबलं, आणि खालचा हात आणि तिचा हात मिळून तारेवर टेकले.

शांत झालं.

इतकं शांत, की पत्र्यावर चिमणी चालल्याचं ऐकू आलं. भाचीने फळीकडे पाहिलं. तांब्यातलं पाणी आरशासारखं झालं होतं, त्यात दाराचा उजेड पडला होता.

आत्याने खाली पाहिलं तेव्हा तारेवर फक्त तिचाच हात होता.

"उठा," ती म्हणाली. मग मोठ्याने म्हणाली, "उठा आता. बैठक झाली."

केशरबाई उठल्या. दोघांनी आधार द्यायला हात पुढे केले, त्यांनी ते झटकले. "लागत न्हाई," त्या म्हणाल्या, आणि तोंडभर, बिनदातांचं हसल्या. "उठले. ह्या खेपेला खरीच उठले!" रामकिसन डोळे पुसत होते आणि पुसत नसल्याचं दाखवत होते. पुढच्या खोलीतून गुरुजींनी विचारलं, "झालं का? मी येऊ का आत?" आणि सगळे इतके हसले, की आळीतल्या बाया दारात आल्या.

संध्याकाळी समाजमंदिरापुढे मेळावा झाला. लोक अंगणात मावले नाहीत, पोरं लिंबावर चढली. तुणतुणं आत्यानेच धरलं.

६

दुसऱ्या दिवशी साहेबराव न्यायला आले. येताना त्यांनी कुलूपही आणलं होतं. आत्या भाकरी थापत होती, आणि गात होती.

"अक्का, बोचकं बांधलं न्हाई?"

"कशाला? मी कुठं जाऊन राह्यले? सराव हाय मंगळवारी. बैस, जेव, पोरीला घेऊन जा. कुलूप बी ने."

साहेबरावांनी भाचीकडे पाहिलं. भाची तांब्यातलं पाणी पीत होती. ते बसले आणि जेवले.

याला आता वर्ष झालं. आत्या अंगाने भरली आहे. घर मुकं आहे, पण ओसाड नाही. मागच्या भिंतीखाली ती आता निवांत सारवते. या सुटीत मी पुन्हा इथे आले आहे, आणि हे आत्याच्या ओट्यावर बसून लिहिते आहे. आज दुपारी पुन्हा बैठक आहे. या खेपेला अकरा जण आहेत आणि गुरुजींना आता वाजवता येतं, असं गुरुजी म्हणतात.

एक गोष्ट मात्र मी आत्यालाही सांगितलेली नाही. घाबरण्यासारखी नाही ती, मला तर आठवली की बरंच वाटतं. त्या दुपारी मी उंबऱ्यात चपलांपाशी होते. दाराच्या आत, कोनाड्यात, कडूबामामाच्या वहाणा ठेवलेल्या असत. तीन वर्षं तशाच, टोकं भिंतीकडे, जशा त्याने त्या दिवशी घरात येताना काढल्या होत्या. आत्या त्यांना हलवत नसे. ती "उठा" म्हणाली, तेव्हा एक-एक जण माझ्या जवळून बाहेर आला. केशरबाई, मग रामकिसनमामा, मग चौघे. मी मोजत होते. सगळे झाल्यावर, दारात कुणी नसताना, माझ्या अंगावरून गार सावली गेली. उन्हातून ढग जातो तशी. मी कोनाड्याकडे वळून पाहिलं तर त्या वहाणा

"सत्यशीला! अगं कितीक लिहिती? मंडळी बसली, तारा लागल्या, तुझ्यावाचून अडून राह्यलंय, ये जल्दी!"

आले आत्या. एवढं एकच वाक्य. त्या वहाणांची टोकं आता